बारावीच्या मुलांचा आठ पानी अंक : कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४

बारावीच्या मुलांनी स्वतः लिहिलेला आठ पानी अंक ६ जानेवारीला, म्हणजे पत्रकार दिनाला, काढायचं ठरलं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये याच तारखेला 'दर्पण' सुरू केलं. त्यांचं पोंभुर्ले गाव आपल्याच सिंधुदुर्गात, देवगड तालुक्यात आहे, त्यामुळे मुलांना तारीख पटवून द्यावी लागली नाही.

बारावीच्या 'युवकभारती' या मराठीच्या पाठ्यपुस्तकात, उपयोजित मराठीत, 'वृत्तलेख' म्हणजे बातमीच्या अंगाने लिहिलेला लेख हा घटक आहे. मुलं त्याची व्याख्या आणि वैशिष्ट्यं लिहून गुण मिळवतात, पण वर्षभरात एकही वृत्तलेख लिहीत नाहीत. तो लिहायला लावणं हाच हेतू. दुसऱ्या कॉलेजात असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. पुढे जे घडलं ते काही ठिकाणी त्याच तारखेखाली नंतर जोडलं आहे.

सहा लेख, प्रत्येक लेखावर दोघंतिघं. एका लेखाला ए-फोर आकाराचं एक पान, दोन रकान्यांत साधारण ४५० शब्द. पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मुलाखतीला. खर्च ५,००० रुपयांच्या आत बसवायचा.

१२ ऑगस्ट

विषय आले : पर्यावरण, मोबाइलचे दुष्परिणाम, वाचनसंस्कृती, स्त्रीशिक्षण, व्यसनमुक्ती. एकाही विषयात आपला तालुका नाही. तास यातच गेला.

प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारला : हा लेख वाचून कोणी, उद्या सकाळी, नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? 'सर्वांनी निसर्गाचं रक्षण करावं' हे उत्तर चालणार नाही, माणूस आणि काम दोन्ही सांगता आलं पाहिजे. पर्यावरणवाला गट बराच वेळ गप्प होता. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, आमच्या वाडीत केलडी नारळ ठेवत नाहीत, त्यावर लिहू?" केलडी म्हणजे माकडं. वाचनसंस्कृतीतून कॉलेजच्या ग्रंथालयाची वेळ निघाली. स्त्रीशिक्षणवाल्या मुली सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, वाड्यांतून येतात. त्यांचा खरा प्रश्न दुपारची एसटी चुकते हा होता. तो लेखाचा विषय होऊ शकतो हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

कातळशिल्पांचा विषय एका मुलाने लावून धरला. उरलेले दोन विषय पुढच्या आठवड्यावर टाकले.

२२ ऑगस्ट

पहिले खर्डे आले, सगळे निबंध. फळ्यावर त्यांतली वाक्यं उतरवली आणि आजपासून ती बंद असं जाहीर केलं : 'आजच्या धावपळीच्या युगात', 'अनन्यसाधारण महत्त्व आहे', 'ही काळाची गरज आहे', 'नाण्याच्या दोन बाजू', 'प्रत्येकाने याचा विचार करायला हवा'. मुलं म्हणाली, मग सुरुवात कशी करायची? प्रश्न खरा आहे. दहावीपर्यंत प्रस्तावना, मुद्दे, समारोप हीच चौकट हाडीमाशी खिळलेली असते. परीक्षक तरी निबंध शेवटपर्यंत वाचतो, कारण ते त्याचं काम आहे. वर्तमानपत्राच्या वाचकावर तसं बंधन नाही. तिसऱ्या ओळीत कंटाळा आला की तो पान उलटतो. हा फरक मुलांना कोणी सांगितलेलाच नसतो.

दोन खर्डे फोनवरच्या चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले होते. भाषा स्वच्छ, पण अख्ख्या पानात एका गावाचं नाव नाही, एका माणसाचं वाक्य नाही. रागावले नाही. ते दोन्ही खर्डे वर्गात वाचले आणि विचारलं, यातून तुम्हाला नवीन काय कळलं? उत्तर आलं नाही. त्या दोन गटांनी पुढच्या आठवड्यात आपणहून नवे खर्डे आणले.

३० ऑगस्ट

आज एक मार्ग सापडला, तो जरा सविस्तर लिहिते. लेख लिहायचाच नाही, पत्र लिहायचं. ज्याच्या हातात ते काम आहे त्या एका माणसाला. गाडीवाल्या मुलींनी आगारातल्या साहेबांना, ग्रंथालयवाल्यांनी ग्रंथपालांना, केलडीवालीने सरपंचांना. पत्रात 'आजच्या युगात' येतच नाही, कारण समोरच्या माणसाला ते युग माहीत असतं. आपण कोण, आपल्याला काय हवं आणि त्याने ते का करावं, हे सांगण्याशिवाय गत्यंतर नसतं.

मराठीत ही वाट जुनी आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आपले विचार पत्रांच्या रूपातच मांडले. वर्गात त्यांतली दोन पत्रं मोठ्याने वाचली. भाषा जुनी असूनही मुलं ऐकत राहिली, कारण लिहिणारा कोणाशी तरी बोलतो आहे हे प्रत्येक वाक्यात कळतं.

पत्रं लिहून झाल्यावर वरचं 'महोदय' आणि खालचं 'आपली विश्वासू' काढून टाकलं. मधला मजकूर पहिल्या खर्ड्यापेक्षा कितीतरी जिवंत होता. पत्राचा साचा पाहिजे म्हणून एका गटाने 'वरील विषयास अनुसरून' आणलं, ते लगेच खोडलं.

१८ सप्टेंबर

गणपतीत काम ठप्प. ७ तारखेपासून काल अनंत चतुर्दशीपर्यंत अंकाला कोणी हात लावला नाही. इकडे हे वेळापत्रकात धरूनच चालायला हवं. एक फायदा झाला. घरी आलेल्या चाकरमान्यांना मुलांनी आपले खर्डे वाचून दाखवले. 'हे आमका म्हायती आसा, पुढे काय?' अशी दाद एका काकांनी दिली आणि त्या मुलाने अख्खा पहिला परिच्छेद काढून टाकला.

२४ सप्टेंबर

गाडीच्या लेखाचं आज पूर्ण तोंड फिरलं.

मुलींच्या खर्ड्यात एसटीवर आग होती. 'प्रशासन झोपले आहे', 'विद्यार्थिनींच्या भवितव्याशी खेळ'. माहिती खरी होती : अकरावी-बारावीचा शेवटचा तास दीड वाजता सुटतो, सड्याकडे जाणारी गाडी एक पंचवीसला निघते आणि पुढची पावणेपाचला. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मुलींना बारावीपर्यंतचा पास फुकट आहे. तो पास खिशात घेऊन त्या तीन तास स्टँडवर बसतात, नाहीतर सहा सीटरला पैसे मोजतात. तक्रार रास्त होती, पण झोपलेलं नेमकं कोण हे कोणी पाहिलंच नव्हतं.

त्यांना स्टँडवर वाहतूक नियंत्रकांना भेटायला पाठवलं. बरोबर मी गेले नाही, हे मुद्दाम. मुली भीतभीत गेल्या आणि तासाभराने वेगळ्याच उत्साहात परत आल्या. नियंत्रकांनी त्यांना वेळापत्रक दाखवलं. ती गाडी शेवटच्या गावाला जाऊन संध्याकाळच्या फेरीसाठी परत येते, मध्ये चालकाच्या विश्रांतीचा वेळ आहे, पंधरावीस मिनिटं सरकवायला जागा आहे. गाडीची वेळ पूर्वीच्या कॉलेजच्या वेळेला जुळवूनच ठेवलेली होती. जूनमध्ये कॉलेजने वेळ वीस मिनिटांनी पुढे नेली, ते आगाराला कोणी कळवलं नाही. ते म्हणाले, "कॉलेजचो कागद येवंदे गो बाय, मगे बघूया."

मुली चिडल्या होत्या त्या एसटीवर, आणि कागद निघायचा होता आमच्याच ऑफिसातून. आता लेखाचा वाचक बदलला, मागणी बदलली, सूरही बदलला. आरडाओरडा करायची गरजच राहिली नाही. एक पत्र, वीस मिनिटं, तीन वाड्यांतल्या मुली. जुना खर्डा फाडू दिला नाही, नव्याशेजारी फायलीत लावून ठेवला. पुढच्या वर्षीच्या मुलांना दोन्ही एकत्र वाचायला द्यायचे आहेत.

नियंत्रकांचं वाक्य प्रमाण मराठीत 'सुधारून' आणलं होतं : 'महाविद्यालयाचे पत्र प्राप्त झाल्यास विचार करू.' ते परत मालवणीत करायला लावलं. माणूस जसा बोलला तसा कागदावर यायला हवा, मग वाचकाला तो दिसतो. मात्र छापण्याआधी त्यांना दाखवून घ्यायचं हेही ठरलं.

५ ऑक्टोबर

परवा ३ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला. सगळ्यांनाच त्यावर लिहायचं होतं. एकाच दिवसात चार लेख आले, चारही सारखे, अभिमान आणि माउलींच्या ओव्या. त्यांतला एकही घेतला नाही. त्याऐवजी दोघांना बाजारपेठेत पाठवून दुकानांच्या पाट्या मोजायला सांगितल्या. त्यातून पाचवा लेख उभा राहिला आणि तो अंकातला सगळ्यात लवकर पूर्ण झालेला लेख ठरला.

१९ ऑक्टोबर

केलडीचा लेख. आधीचा शेवट होता : 'शासनाने माकडांचा बंदोबस्त करावा.' वर्गात या वाक्यावर दोन तास वाद झाला आणि तो घडू दिला. एक बाजू म्हणाली मारून टाका. दुसरी म्हणाली, जंगल आपण तोडलं, ती जाणार कुठे? लेख लिहिणारीच्या घरच्या माडांवर कोवळा नारळ टिकत नाही. तिला दुसरी बाजू ऐकायचीच नव्हती.

तिला दोन माणसांकडे पाठवलं. शेजारच्या काकांनी तिला परड्यात फिरवून दाखवलं की केलडी जेवढं खातात त्याहून जास्त मोडून टाकतात. वनरक्षक म्हणाले, पकडून लांब सोडली तर त्रास संपत नाही, तो दुसऱ्या गावाला जातो. हे दुसरं वाक्य तिच्या मताच्या विरोधात होतं. तिने ते खर्ड्यातून गाळलं. परत घालायला लावलं, आणि शेवटी कुठेतरी नाही, अगदी मध्यावर, त्यांच्या पूर्ण म्हणण्यासकट. वाचकाच्या मनात जी शंका येणारच आहे ती लेखकाने आधी मांडली नाही, तर वाचक तिथेच त्याला सोडतो. प्रतिपक्ष दुबळा करून मांडला की आपलीही बाजू दुबळी होते. तालुक्याच्या गावात तर जास्तच, कारण वनरक्षक आणि काका दोघेही हा अंक वाचणार आहेत.

वनरक्षकांकडून आणखी एक गोष्ट कळली. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीला सरकारी भरपाई आहे, त्यात माकडाचाही समावेश आहे, पण वेळेत अर्ज आणि पंचनामा झाला पाहिजे. तिने वाडीत विचारलं. एकानेही कधी अर्ज केलेला नव्हता. मग लेखाचा वाचक सरकारकडून वाडीकडे वळला : नुकसान झालं त्याच दिवशी फोटो काढा, अर्ज द्या, पंचनाम्याला घरी थांबा, कारण नोंद नाही तर प्रश्नही नाही. लेखाचा जोर इथे आला.

२१ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग काल विधानसभेचं मतदान. निवडणुकीच्या कामाला लागलेले शिक्षक, मतदान केंद्रासाठी घेतलेल्या खोल्या. नोव्हेंबरचे तीन आठवडे असेच गेले. पुढच्या वेळी खर्डे ऑक्टोबरअखेर बंद झालेच पाहिजेत.

आज एक तास मिळाला, तो वाचून दाखवण्यात घालवला. एकाने लेख वाचायचा, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि लक्ष उडालं की हात वर करायचा. वाचणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने त्या जागी पेन्सिलीने खूण करायची. हात जवळपास दर वेळी तीन प्रकारच्या जागी वर गेले : लागोपाठ दोन विशेषणं आली तिथे, एकाच वाक्यात तीन 'आणि' आले तिथे, आणि लेखकाने आधी सांगितलेलंच परत सांगितलं तिथे. खुणा केलेली वाक्यं काढली तर ग्रंथालयाच्या लेखाचा तिसरा हिस्सा गेला. लेखकाचा चेहरा उतरला. उरलेलं वाचून दाखवल्यावर एकही हात वर गेला नाही, तेव्हा तो खुलला.

१ डिसेंबर

रविवार. कातळशिल्पांच्या गटाबरोबर मालवण तालुक्यातल्या कुडोपीला गेले. गाडीभाडं १,८०० रुपये, वर्गणी काढली.

हा लेख सगळ्यांत मागे पडलेला होता. मुलाचा ध्यास खरा, पण मजकूर सगळा इंटरनेटवरचा : 'हजारो वर्षांपूर्वीच्या मानवाने साकारलेली विलोभनीय कला'. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, उक्षी, बारसू यांसारखी ठिकाणं आहेत, गोव्यातलं एक आहे, आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी. ही माहिती त्याच्याकडे होती, मात्र ती कोणत्याही लेखात सापडली असती.

दुपारी पोचलो तेव्हा मुलं निराश झाली. डोक्यावर ऊन, सगळा जांभा एकसारखा काळपट, कोरीव रेघा डोळ्यांना सापडेनात. ऊन कलेपर्यंत थांबायचं ठरवलं. चारनंतर तिरपा उजेड आला, प्रत्येक खोदीव रेघेत सावली भरली आणि सड्यावर आकृत्या उमटत गेल्या. मुलगा पळतच सुटला. ही वेळ, हा उजेड, हे थांबणं त्याच्या कोणत्याही वेबसाइटवर नव्हतं. त्याने तिथेच वहीत लिहिलेला परिच्छेद आज लेखाची सुरुवात आहे, आणि मी त्यातला एक शब्दही बदललेला नाही.

आकृत्या त्याने पावलांनी मोजल्या. तिथे गुरं घेऊन आलेल्या आजोबांशी बोलला. ते सांगत होते, चिरेखाणी सगळीकडे वाढताहेत, सडा म्हणजे रिकामी जमीन असं लोकांना वाटतं. लेखाची मागणी त्यातून निघाली : गावच्या सड्यावर अशी कोरीव रेघ दिसली तर खाणीआधी ग्रामपंचायतीत कळवा, फोटो ठेवा, त्यावर चिरे रचू नका. 'विलोभनीय' कुठेच उरलं नाही.

१० डिसेंबर

गाडीचा लेख प्राचार्यांना दाखवला. कॉलेजबद्दल कॉलेजच्याच अंकात छापायचं, तर त्यांना आधी कळायलाच हवं. त्यांना लेख आवडला नाही. मुलींनी सरळ येऊन सांगितलं असतं तर झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. मुलींपैकी एक शांतपणे म्हणाली, "सर, कोणाला सांगायचं हेच आम्हाला लेख लिहिताना कळलं." ते लेखात घालायला मी सांगितलं.

आठवडाभरात त्यांनी आगाराला पत्र पाठवलं. त्यामुळे लेखाची मागणी छापण्याआधीच अर्धी पूर्ण झाली, आणि शेवटचे दोन परिच्छेद निकामी झाले. मुली खट्टू झाल्या. नवीन शेवट लिहिला : पत्र गेलं त्याची तारीख, आणि अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही, एवढंच. वाचकाला पुढे काय होतं याकडे लक्ष ठेवावंसं वाटेल, हा हिशोब.

२० डिसेंबर

तांत्रिक अडचण, सगळ्यांत जास्त वेळ खाल्लेली. मुलांनी लेख फोनवर युनिकोडमध्ये टाइप केले. गावातल्या प्रेसवर पानं लावायला पेजमेकर आणि अक्षरांना श्रीलिपी, म्हणजे युनिकोड नसलेले जुन्या पद्धतीचे फॉन्ट. त्यांनी कन्व्हर्टरमधून मजकूर घेतला आणि 'दुसऱ्या', 'सड्यावरच्या', 'पुऱ्या' असे सगळे शब्द फुटले, रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसले. दुरुस्त करत दोन दिवस गेले आणि तरी नव्या चुका निघतच राहिल्या.

शेवटी प्रेसवरची मांडणी सोडली. कॉलेजच्या संगणकावर लिबरऑफिस रायटर, मोफत मिळणारा 'मुक्ता' फॉन्ट, दोन रकाने, मजकूर ११ पॉइंट. पीडीएफ करताना फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे छापताना अक्षर बदलत नाही. एका मुलाने दोन दुपारी खपून सगळी पानं लावली. श्रीलिपीवर काम करणाऱ्या प्रेसला मजकूर द्यायचा असेल, तर आधी एका पानाचा नमुना काढून जोडाक्षरं तपासून घ्या, मगच होकार द्या.

२८ डिसेंबर

मथळे. आधी 'ग्रामीण विद्यार्थिनींची वाहतूक समस्या' असं होतं, ते 'पास आहे, गाडी गेली' झालं. केलडीच्या लेखाला 'तोडलेला नारळ, न केलेला अर्ज'. मथळा शेवटी ठेवण्याचा फायदा दिसला, कारण तोवर लेखातलं सगळ्यात कणखर वाक्य कोणतं हे गटाला पाठ झालेलं असतं आणि मथळा त्यातूनच निघतो. कातळशिल्पांचा मथळा मात्र जमला नाही. 'दगडात कोरलेला इतिहास' हाच राहिला, आणि तो कुठल्याही अंकात चालेल असा आहे.

मुद्रितं तपासायला प्रत्येक गटाला दुसऱ्याचा लेख दिला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपल्याच लेखात दिसत नाहीत.

६ जानेवारी २०२५

अंक आला. ३०० प्रती. ए-थ्रीचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी काळी छपाई, मधोमध घडी. खर्च : छपाई आणि कागद ३,६००, गाडीभाडं १,८००, नमुना प्रती आणि किरकोळ २५०. एकूण ५,६५०. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ६५० जास्त. किंमत १० रुपये ठेवली. मुलांनी स्टँडवर, बाजारात आणि ग्रामपंचायतीत उभं राहून विकले. स्टँडवर नियंत्रकांनी पाच प्रती घेतल्या, त्यांचं वाक्य त्यांनी आधी वाचून होकार दिलेला होता.

१६ जानेवारी

२१४ प्रती गेल्या, २,१४० रुपये आले. बाकीची तूट पालक-शिक्षक संघाने भरली. केलडीच्या लेखानंतर वाडीतून भरपाईचे दोन अर्ज गेल्याचं लेख लिहिणारीने सांगितलं. तिने अर्जांच्या प्रती स्वतः पाहिल्या. ग्रंथालयाची वेळ बदललेली नाही. गाडीबद्दल आगाराचं तोंडी उत्तर आलं, नव्या वेळापत्रकात बघू असं. लेखी काही नाही. मुलींची बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होते, तेव्हा पुढचा पाठपुरावा अकरावीतल्या दोघींनी घेतला आहे. सगळे खर्डे, पीडीएफ आणि लिबरऑफिसची मूळ फाइल मराठी विभागाच्या कपाटात ठेवली आहे. काम यंदा जूनमध्येच सुरू करायचं.